आधी चासी बघा, मग एलईडी बार

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आजरा तालुक्यात आमची काजूची बाग आणि बागेतच छोटी प्रक्रिया शेड आहे. शेड बारा महिने चालते. डांबरी रस्ता सोडला की आत तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट, मध्ये एक ओढा आणि शेवटी उभा चढ. जून ते ऑक्टोबर तिथं फक्त ट्रॅक्टर जातो. मला स्वतःला चालवता येईल अशी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायची आहे. बजेट सात लाख. तीन गाड्या समोर आहेत. पुण्यातली 2014 ची थार सीआरडीई: वर उचललेली, 31 इंची टायर, पुढे बुल बार (बंपरवरचा लोखंडी कठडा), टपावर एलईडी बार, सहा लाख नव्वद हजार. बेळगावची 2009 ची जिप्सी, तीन लाख साठ हजार. आणि दिल्लीची 2016 ची सफारी स्टॉर्म फोर बाय फोर, एजंट म्हणतो चार लाखांत दारात उभी करतो. दीर थारवर अडून बसलेत. मिस्टर म्हणतात, साधी बोलेरो घे आणि विषय संपव. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. काय करू?

उत्तर:

ताई,

मिस्टरांचं म्हणणं आधी घेतो, कारण घरात ते एकटे पडलेत असं दिसतंय. साधी बोलेरो मागच्या चाकांवर चालते. टायर चांगले असले तर तुमच्या तीन किलोमीटरपैकी बरीचशी वाट ती निमूट काटेल, कारण चिखलात निम्मं काम टायरच करतात. घोडं पेंड खाणार ते शेवटच्या चढावर. ओल्या तांबड्या मातीत मागचं एक चाक निसटलं की ते नुसतं गरगर फिरत राहतं, आणि पक्क्या जमिनीवरचं दुसरं ढिम्म हलत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एखादी खेप असती तर मी मिस्टरांचीच बाजू घेतली असती. पण शेड बारमाही, कामगारांची आणि पोत्यांची ये-जा रोजची, आणि गाडीत बहुतेक वेळा तुम्ही एकट्या. म्हणजे फोर बाय फोर ही तुमच्यासाठी हौस नाही, गरज आहे. घ्या.

फक्त सात लाखांचं बजेट म्हणजे सात लाखांची गाडी असं समजू नका. साध्या गाडीपेक्षा हिच्यात इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्स्फर केस जास्तीची, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरेन्शियल पुढे जास्तीचं, ताकद तिथवर नेणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक जादा, पुढच्या चाकांचे अ‍ॅक्सल जादा. यातली प्रत्येक वस्तू झिजते, गळते आणि पैसे मागते. गाडी साडेपाचच्या आत बसवा आणि दीड लाख बाजूला ठेवा. पहिल्या पावसाळ्याआधीच त्यातले बरेच जातील, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

दिल्लीची गाडी यादीतून काढा. स्टॉर्म वाईट नाही, उलट कोरड्या हवेतल्या गाड्यांना आपल्याकडच्यापेक्षा गंज कमीच असतो. गोची व्यवहारात आहे. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि पुढे त्यात मागेपुढे होत राहिलं. त्यामुळे दहाव्या वर्षाच्या तोंडावर आलेली डिझेल गाडी तिथले मालक मिळेल त्या भावात काढून टाकतात. एजंटच्या चार लाखांत तिथल्या आरटीओची एनओसी, इथला नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रस्ता कर धरलाय का ते त्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘ते काय, होऊन जाईल’ असं असतं. परराज्यातली गाडी इथं 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. शिवाय न बघता, न चालवता, फोटोंवर फोर बाय फोर घ्यायची नसते. हीच स्टॉर्म एमएच नंबरची आणि हाताशी मिळाली तर माझं मत वेगळं असेल.

आता दिरांची थार. त्यांना राग येईल, पण ही थार तुम्ही घेऊ नये. मागच्या सीट आडव्या, एकमेकींसमोर; एअरबॅग नाहीत, आणि त्या थारला एबीएस आलं तेच 2019 मध्ये. नऊ वर्षांच्या मुलीला रोज मागे आडवं बसवून न्यायचं का, हे तुम्हीच ठरवा. दुसरं म्हणजे 2015 च्या फेरबदलानंतर सीआरडीई थारला मागच्या डिफरेन्शियलला मेकॅनिकल लॉक मिळू लागला, म्हणजे एक चाक निसटलं तरी दुसरं ओढत राहतं. तुमच्या चढावर नेमका तोच कामाचा, आणि 2014 च्या गाडीत तो नाही.

तिसरं कारण तिचा नट्टापट्टा. गाडी उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरपा होतो, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात, पुढच्या अ‍ॅक्सलचे रबर बूट ताणून फाटतात आणि त्यातून चिखल आत जातो. मूळ टायर 235/70 आर 16, म्हणजे जेमतेम 29 इंची. त्याजागी 31 इंची बसवले की मीटर साधारण 7 टक्के कमी धावतो. मीटरवर 70,000 दिसत असतील आणि टायर सुरुवातीपासून असतील, तर गाडी 75,000 झालेली आहे, आणि मालकानं खोटेपणा केलेला नसतानाही. बुल बारबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधतेच. आणि मला सांगा, ज्यानं इतका खर्च गाडी उचलण्यावर केला, त्यानं तो कशासाठी केला असेल? भाजी आणायला नक्कीच नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा असा प्रकार या नटवलेल्या गाड्यांत फार असतो.

राहिली जिप्सी. वजन एक टनाच्या आसपास, पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स नावापुरतं. हलकी गाडी चिखलात रुतत नाही, तरंगल्यासारखी जाते. लष्करानं ती उगाच वर्षानुवर्षं वापरली नाही. तोटेही ऐका: चारही बाजूंना पाटे, त्यामुळे पाठ बोलते, पेट्रोल पिते, आणि पोती फार भरता येत नाहीत. 2009 ची म्हणजे 15 वर्षं उलटली. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का बघा. ते पाच वर्षांसाठी होतं, 2022 मध्ये त्याची फी 5,000 रुपये झाली. ती केए नंबरची, म्हणजे एनओसी आणि कर यांची कटकट इथंही आहेच. फक्त बेळगाव तुमच्या हाकेवर आहे, दोनदा जाऊन बघता येईल.

माझा कौल असा: जिप्सी बघायला जा, पण त्याच वेळी एमएच-09 म्हणजे कोल्हापूरची किंवा शेजारच्या जिल्ह्यातली, मूळ अवस्थेतली स्कॉर्पिओ फोर बाय फोर शोधत राहा. मधली सीट सरळ, टप पत्र्याचा, डिझेल, आणि कोल्हापूर-गडहिंग्लजला कुठलाही मेकॅनिक तिला हात लावायला कचरत नाही. जाहिरातीत नुसतं ‘स्कॉर्पिओ’ लिहिलेलं असतं. त्यातली फोर बाय फोर कोणती हे विचारावं लागतं. डॅशबोर्डवर किंवा गिअरजवळ 2एच (मागची दोन चाकं), 4एच (चारही चाकं), 4एल (चारही, पण संथ आणि जास्त जोर) लिहिलेली कळ दिसली पाहिजे.

गाडी कोणतीही असो, बघायची पद्धत एकच. जुने कपडे घाला, टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर आणि जुनी सतरंजी बरोबर घ्या. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंडीत सुरू होताना ती काय तमाशा करते हे तुमच्यापासून लपवलंय असं समजायला हरकत नाही.

रंग, सीट, टेप यांकडे बघूच नका. सतरंजी टाकून खाली जा. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा; तिच्या दोन लांब पट्ट्या पुढून मागे टॉर्चनं बघत या. वरवरचा तांबूस गंज चालतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्यावर टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा टोक आत रुतलं तर उठा, कपडे झटका आणि चहा न घेता निघा. चासी सडलेली गाडी फुकट मिळाली तरी महाग. सगळ्यात जास्त सडते ती पाट्यांचे हँगर चासीला जोडलेले असतात तिथं, बॉडीच्या माउंटिंगखाली, आणि मागच्या आडव्या पट्टीत. चासीला खाली पाणी निचरण्याची भोकं असतात, त्यात चिखल बसून दगड झालेला दिसला तर आत काय चाललं असेल याची कल्पना करा. नुकताच काळा रंग मारलेली चासी मला गंजलेल्या चासीपेक्षा जास्त खटकते. कोकण किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर दुप्पट वेळ खाली घालवा.

खालीच असताना पुढचं आणि मागचं डिफरेन्शियल बघा. थोडा ओलावा चालतो, थेंब नाही. मालकाच्या परवानगीनं मेकॅनिककडून ऑइल भरायचा बोल्ट उघडून घ्या आणि बोट आत घाला. काळपट सोनेरी ऑइल ठीक. दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय; गाडी ओढ्यानाल्यांतून गेली आणि नंतर कुणी ऑइल बदललं नाही. बारीक चमक दिसली तर घाबरू नका, बोटाला कण टोचले तर मात्र दात तुटलेत. जिप्सीत पुढच्या चाकांजवळच्या गोल नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) ऑइल ओघळलंय का तेही बघा, तिथली सील जातात.

इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण उघडा. धुराची वाफ हलकी येते, ती सगळ्याच जुन्या डिझेलना असते; पण झाकण उडू लागलं, फसफस धूर फेकायला लागली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन कामाला आलंय. कूलंटमध्ये तेलाचा तवंग नको. बाकी क्लच, ब्रेक, टर्बोची शिटी हे तुमचा मेकॅनिक बघेल, त्यात मी जात नाही.

बहुतेक लोक जी गोष्ट तपासतच नाहीत ती म्हणजे फोर बाय फोर खरंच चालू होते का! दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढायला लागली असं नव्हे. बऱ्याच मालकांनी वर्षानुवर्षं ती कळ हलवलेलीच नसते, आणि न वापरलेली यंत्रणा ही अति वापरलेल्या इतकीच संशयास्पद. सपाट जागेवर तीन चाकांना पुढून-मागून विटा लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. 2एच मध्ये ते हातानं फिरलं पाहिजे. आता चाक खाली घेऊन 4एच टाका, गाडी दोन-चार फूट पुढे-मागे करा म्हणजे दात बसतील, आणि पुन्हा विटा लावून तेच चाक उचला. आता थोडी ढील सोडली तर ते फिरता कामा नये. फिरलं तर पुढे ताकद पोचत नाही. जिप्सीच्या काही गाड्यांना पुढच्या चाकाच्या मधोमध फिरवायची कळ असते; ती दोन्ही बाजूंनी लॉकवर नेल्याशिवाय ही परीक्षा घेऊ नका, नाहीतर चांगली गाडी नापास कराल. आणि जॅकवर असताना गाडीखाली जायचं नाही, कुणीही कितीही सांगो.

मग मोकळ्या कच्च्या मैदानात 4एल टाकून पहिल्या गिअरमध्ये चालवा. खणखण, कटकट, गिअर आपोआप सुटणं, काहीही चालणार नाही. परत येताना डांबरावर 2एच मध्ये ताशी 60 ते 80 ला खालून थरथर जाणवते का बघा. ती बहुधा प्रोपेलर शाफ्टची किंवा क्रॉसची असते. तेवढ्यासाठी गाडी सोडू नका. क्रॉस मिळतात, शाफ्टचं काम कोल्हापुरात होतं, किंमत मात्र त्या हिशेबानं खाली आणा.

कागदपत्रांचं थोडक्यात. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30; सह्या करून ‘नंतर करू’ म्हणत कागद कपाटात ठेवणाऱ्या माणसाशी व्यवहार नको. ई-चलन बाकी आहे का, एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर पाटी बसवली आहे का हेही बघा. विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता वाढलेला दिसेल.

गाडी दारात आली की मालक काहीही म्हणो, सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन्ही डिफरेन्शियल. इथं गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, मेकॅनिकच्या डब्यातलं एकच ऑइल सगळीकडे ओतू देऊ नका. डिफरेन्शियलला जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं; तेच काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोना (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाही; आणि काही ट्रान्स्फर केसमध्ये गिअर ऑइल नव्हे, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) असतं. ब्रेक ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीसिंग हेही त्याच खेपेला. टायर पाचही एकाच मापाचे हवेत, आणि चालणारे चार तरी सारखे झिजलेले. डांबर आणि चिखल दोन्ही रोजचं आहे, तर ऑल टेरेन घ्या. मड टायर चढावर सरस, पण ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो, आणि तुमच्याकडे कुठल्याही वळणावर गवा उभा असू शकतो.

पावसाळ्यात दर आठवड्याला खालून पाण्याचा फवारा मारून चिखल काढा आणि ती निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा. पावसाळ्यापूर्वी खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. ते करू नका, रबराचे बुश फुगून खराब होतात. चासीच्या पोकळीत मारायचं मेण मिळतं, ते मारून घ्या. ओढ्यातून रोज जाणार असाल तर क्रॉस आणि शाफ्टच्या निपलना महिन्याला ग्रीस, आणि डिफरेन्शियलचं ऑइल पावसाळा संपल्यावर पुन्हा बघायचं. डिफरेन्शियलला हवेची बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली तर गरम डिफरेन्शियल थंड पाण्यात जाताच सीलमधून पाणी ओढून घेतं. नळी लांब करून बॉनेटपर्यंत वर आणायला फार पैसे पडत नाहीत. डिझेल गाडी घेतलीत तर फिल्टरखालचं पाणी दर पंधरवड्याला सोडा, इंजेक्टर महाग असतात. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर 4एच आणि 4एल टाकून थोडं चालवा. आणि शेडजवळ गाडी लावता म्हणजे उंदीर येणारच. काजूच्या वासानं आलेले उंदीर वायरिंगवर उतरतात, रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर अंधारात लपायला जागा मिळत नाही म्हणून ते सहसा शिरत नाहीत.

चालवण्याबद्दल एवढंच. कोरड्या डांबरावर 4एच कधीही नको. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि या गाड्यांत ती तफावत सोसायला मध्ये डिफरेन्शियल नसतं, ताण सगळा दातांवर येतो. चिखल दिसला की आत शिरण्याआधी 4एच टाका, रुतल्यावर नव्हे. तुमच्या चढावरून उतरताना 4एल, पहिला गिअर, आणि ब्रेकवरून पाय काढा. चिखल फार असेल तर टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा, डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप गाडीत हवा. ओढ्याचं पाणी गढूळ आणि जोरात असेल तर पायी उतरून काठीनं मापल्याशिवाय चाक घालायचं नाही. 2020 नंतरच्या नव्या थारची अधिकृत मर्यादासुद्धा 650 मिलिमीटर आहे, आणि ती संथ पाण्यासाठी.

तरी एखाद दिवशी रुताल, आणि मग ट्रॅक्टर येईलच. ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन उतरेल आणि हाताला लागेल तिथं बांधेल: बंपरला, नाहीतर स्टीअरिंगच्या रॉडला. बंपर निघून हातात येतो आणि रॉड वाकला तर गाडी घरी येत नाही. साखळीऐवजी ओढायचा जाड पट्टा आणि दोन डी-शॅकल गाडीतच ठेवा, पट्टा चासीच्या हुकालाच अडकवा, आणि ताण बसला की मुलीला आणि बघ्यांना लांब उभं करा. हूक पुढे आणि मागे नेमके कुठे आहेत ते गाडी बघायला जाल तेव्हाच सतरंजीवर आडवं पडल्या पडल्या बघून ठेवा.